इंद्रधनुष्य कसं बनतं हे लहान मुलांना सांगायचंय? आधी सावली दाखवा

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमची लेक पावणेसहा वर्षांची आहे, गॅलरीतून तिला इंद्रधनुष्य दिसलं आणि तिनं लागोपाठ तीन प्रश्न टाकले. हे कोण रंगवतं, ते जिथं टेकतं तिथं आपण गाडीनं जाऊया का, आणि ते वाकडं का आहे. तुम्ही मोबाईलवर शोधून "प्रकाशाचं अपवर्तन होतं" (म्हणजे उजेड हवेतून पाण्यात शिरताना वळतो) असं सांगितलंत आणि ती कार्टून बघायला निघून गेली. तर यात तुमचं काही चुकलं नाही हो, सगळ्यांच्याच घरी असंच होतं. मी सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय आणि आता सुट्ट्यांमधे मुलांची विज्ञान शिबिरं घेते, आणि सुरुवातीची चार-पाच वर्षं मी पण फळ्यावर तो त्रिकोणी लोलक काढून, त्यातून सात रेघा काढून मोकळी व्हायचे. पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि बाहेर खरंखुरं इंद्रधनुष्य पडलं तरी कुठल्या दिशेला बघायचं ते त्यांना कळायचं नाही.

मग हळूहळू लक्षात आलं की आपण उलट्या टोकाकडून सुरू करतोय. "का दिसतं" हे नंतर, "कुठे दिसतं" हे आधी. लहान मुलाला कुठे हे पक्कं कळलं ना की अर्धं काम झालं. आणि कुठे हे सांगायला ना लोलक लागतो ना अपवर्तन, लागते फक्त स्वतःची सावली.

करायचं असं. संध्याकाळी पाच-साडेपाचला तिला टेरेसवर किंवा मोकळ्या जागी न्या, ऊन पाठीवर घेऊन उभं करा आणि विचारा, तुझी सावली कुठंय? समोर. सावलीचं डोकं कुठंय? ते तिथे. बास, ते जे डोकं आहे ना सावलीचं, ते इंद्रधनुष्याचा मधोमध. नेहमी. कधीच चुकत नाही. आकाशात कितीही मोठी कमान असू दे, तिचा मध्य शोधायला गेलात तर बघणाऱ्याच्या डोक्याची सावली जिकडे पडते त्याच दिशेला तो सापडणार. म्हणून मी मुलांना एकच वाक्य पाठ करायला लावते, पाठ उन्हाला, तोंड पावसाला. (हे वाक्य कवायतीसारखं ओरडत गोल फिरायला मुलांना फार आवडतं, चक्कर येऊन पडेपर्यंत फिरतात.)

तुम्हाला गंमत सांगते, कुठल्याही चित्रकला स्पर्धेचे कागद बघा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि सूर्याच्या अगदी शेजारी इंद्रधनुष्य. शंभरात नव्वद चित्रं अशीच, आणि बक्षीस पण त्यालाच मिळतं. आता चित्र म्हणून मी काही बोलत नाही पण खरं तर सूर्य आणि इंद्रधनुष्य एका फ्रेममधे मावूच शकत नाहीत, एक पाठीमागे असेल तरच दुसरं समोर असतं. तुमच्या लेकीला हे कळलं की ती पुढच्या वर्षी बाईंना हे सांगेल आणि बाई चिडतील, ते तुम्ही बघून घ्या.

आता पुढची पायरी, किती लांब? हात समोर सरळ ताणून वीत पसरायची, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. सावलीच्या डोक्यापासून मोजत दोन वीत वर गेलं की तिथे इंद्रधनुष्य असतं, पाऊस असेल तर. नसेल तर जागा रिकामी, पण जागा तीच. पुस्तकात हा कोन ४२ अंश दिलेला असतो आणि ताणलेल्या हाताची वीत साधारण २० अंशांची भरते म्हणून दोन विती. छोट्या मुलाचा हात छोटा आणि वीत पण छोटी, त्यामुळे हिशोब त्याच्यासाठीही जवळपास तोच येतो. वरच्या बाजूला दोन वीत, डावीकडे दोन वीत, उजवीकडे दोन वीत, असं मोजत गेलं की हवेत आपोआप गोल निघतो, आणि "वाकडं का" या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्ही न बोलताच देऊन झालेलं असतं.

या दोन वितींमुळेच आपल्याकडे भर दुपारी इंद्रधनुष्य दिसत नाही. सूर्य डोक्यावर आला की सावली पायात येते, मग दोन विती मोजून सुद्धा आपण जमिनीवरच राहतो, आकाशापर्यंत पोचतच नाही. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा कमी उंचीवर असला तरच आकाशात कमान येते. पुण्याचा हिशोब काढला तर ऑगस्टच्या सुरुवातीला सकाळी साधारण सव्वानऊच्या आधी आणि दुपारी चारच्या नंतर. नागपूरकडे सूर्य लवकर उगवतो तर तिथे हे सगळं वीसेक मिनिटं आधी धरा. अगदी डिसेंबरात सुद्धा पुण्यात दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो, म्हणजे तेव्हाही नाही. पण माझी भाची लंडनला असते, तिकडे डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो, तिला जेवणाच्या सुट्टीत इंद्रधनुष्य दिसतं आणि ती फोटो पाठवते तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे सहा-साडेसहा वाजलेले, अंधार पडलेला. सकाळी बघायचं तर पश्चिमेला, संध्याकाळी बघायचं तर पूर्वेला, हे पण मुलं पटकन पकडतात.

आणि इंद्रधनुष्य म्हटलं की श्रावणच का आठवतो? कारण आषाढात ढग एवढे दाटलेले असतात की पाऊस असतो पण ऊन नसतं. ऊन आणि पाऊस एकाच वेळी पाहिजेत, तेही आकाशाच्या समोरासमोरच्या बाजूंना. श्रावणात सर येते, पुढे निघून जाते, मागून ऊन पडतं, आमच्या आजीच्या भाषेत कोल्ह्याचं लग्न लागतं. तसंच वळिवाच्या पावसात, एप्रिल-मे मधे संध्याकाळी एकदम धो धो येऊन जातो ना, तेव्हा पश्चिम मोकळी झाली आणि पूर्वेला अजून सर दिसत असली की धावत टेरेसवर जायचं.

एक फजिती सांगते माझी, कारण त्यातून मी जे शिकले ते कुठल्या ट्रेनिंगमधे शिकले नाही. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, पाहुणे येणार होते आणि मी ठरवलं की मैदानावर पाईपनं फवारा उडवून इंद्रधनुष्य दाखवायचं. आदल्या दिवशी सकाळी साडेआठला ट्रायल घेतली, झकास दिसलं. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली, आणि माझा नंबर लागला साडेबाराला. पाईप सोडला, अंगठा दाबून फवारा वर उडवला, शंभरेक पोरं टाळ्या वाजवायच्या तयारीत आणि काहीच नाही! नुसतं पाणी. पाहुणे हसून म्हणाले असू दे बाई. मी घामाघूम. तेवढ्यात चौथीतला एक मुलगा, जो गर्दीत दिसत नाही म्हणून ओट्यावर चढला होता, तो ओरडला, "बाई खाली आहे, खाली, पायापाशी!" आणि खरंच, मी फवारा खाली केला आणि वरून बघितलं तर समोर जमिनीलगत रंगांचा तुकडा. सूर्य तेव्हा ६३-६४ अंशांवर होता, सावलीचं डोकं माझ्यापासून दोन-अडीच फुटांवर, तर कमान त्याच्याभोवतीच असणार ना. मी मेली आकाशाकडे पाणी उडवत बसले होते. त्या दिवसापासून मी आधी सावली बघते मग पाईपला हात लावते.

तर घरी करायचं असेल तर सकाळी आठ-नऊ किंवा संध्याकाळी साडेचार-पाच, पाठ उन्हाला, आणि झाडांना पाणी घालायचा पाईप अंगठ्यानं दाबून बारीक फवारा. फ्लॅटमधे पाईप नसेल तर इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची स्प्रे बॉटल पण चालते पण मग फवारा डोक्याच्या सावलीपासून दोन विती बाजूला मारायचा आणि मागे काहीतरी काळपट पाहिजे, गडद भिंत किंवा झाडी, पांढऱ्या भिंतीपुढे रंग धुवून निघतात. मुलीला सांगा एक डोळा मीट, आता दुसरा मीट. फवारा जवळ असला की कमान उडी मारते! कारण डाव्या डोळ्याचं इंद्रधनुष्य वेगळं आणि उजव्याचं वेगळं. हे मोठ्यांना सुद्धा माहीत नसतं आणि करून बघितलं की सगळे वेड्यासारखे डोळे मिचकावत बसतात.

"वाकडं का" याच्या उरलेल्या अर्ध्यासाठी घरातली जुनी काळी दांड्याची छत्री काढा, घडीची नको, मोठी. उघडायची, मूठ गालाजवळ डोळ्यापाशी धरायची आणि छत्रीचं टोक आपल्या डोक्याच्या सावलीकडे रोखायचं. आता छत्रीची जी गोल कड दिसते ना, साधारण तिथेच इंद्रधनुष्य. कोन अगदी तंतोतंत जुळत नाही, पण बराच जवळ जातो आणि मुलाला जे कळायला पाहिजे ते कळतं, की इंद्रधनुष्य मुळात अख्खं गोल असतं, अर्धं जमिनीत गेल्यामुळे दिसत नाही. सूर्य मावळतीला टेकला की टोक सरळ समोर येतं आणि अर्धी छत्री वर राहते, म्हणजे मोठी उंच कमान. सूर्य वर असेल तर टोक खाली झुकतं आणि कडेचा जरासाच भाग जमिनीच्या वर उरतो, म्हणून चार वाजताचं इंद्रधनुष्य बुटकं असतं. हे मी एका शिबिरात अचानक केलं होतं, पाऊस आला म्हणून छत्री उघडली होती एवढंच.

बरं आता थेंब. इथे मात्र वय बघून बोलायचं. पावणेसहा वर्षांच्या मुलीला एवढंच पुरे की उन्हाचा किरण थेंबात शिरतो, थेंबाच्या मागच्या भिंतीवर आपटतो आणि वळून परत आपल्याकडे येतो, आणि आत शिरताना-बाहेर पडताना त्यातले रंग वेगवेगळे होतात. थेंब चेंडूसारखा गोल असतो असं सांगा, चित्रात काढतात तसा टोकदार नळाच्या थेंबासारखा नाही. बारीक थेंब खरंच गोल असतात, मोठे पडता पडता खालून चपटे होतात, पावासारखे.

सात-आठ वर्षांचं पोर असेल तर ते विचारणारच की थेंबात शिरताना किरण कशामुळे वळतो? त्यासाठी आमचा एक खेळ आहे. पाच मुलांनी हात धरून एका ओळीत उभं राहायचं, समोर जमिनीवर खडूनं तिरकी रेघ. रेघेच्या अलीकडे सगळे चार पावलं टाकतात तेवढ्या वेळात रेघेच्या पलीकडे तीनच टाकायची. रेघ तिरकी असल्यामुळे कडेचं मूल आधी पलीकडे जातं, त्याचा वेग कमी होतो, बाकीचे अजून जोरात चाललेले, आणि हात न सोडता चालायचं असल्यामुळे अख्खी ओळ आपोआप वळते. कोणी वळवत नाही, वळते. चारास तीन हे मी उगाच घेतलेलं नाही, हवेत उजेड सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो आणि पाण्यात साधारण सव्वादोन लाख, तेच प्रमाण. आणि जांभळा रंग पाण्यात तांबड्यापेक्षा किंचित जास्त हळू होतो म्हणून तो किंचित जास्त वळतो. फरक अगदी थोडा, इंद्रधनुष्याचा पट्टा सगळा मिळून दोन अंशांचा, म्हणजे हात ताणून धरला तर एका बोटाच्या जाडीपेक्षा थोडा जास्त.

इथे एक तक्रार करून घेते. काही गाईडांमधे लिहिलेलं असतं की थेंबाच्या आत "पूर्ण आंतरिक परावर्तन" होतं. पूर्ण होत नाही. गोल थेंबात बाहेरून शिरलेल्या किरणाचं तसं होऊच शकत नाही, बराचसा उजेड मागच्या बाजूनं बाहेर निघून जातो आणि थोडासाच परत फिरतो. तो थोडासाच आपल्याला पुरतो. दहावीच्या मुलांनी हे लक्षात ठेवा.

मुलांना सगळ्यात अवघड जातं ते वेगळंच. त्यांना वाटतं की तांबड्या रंगाचे थेंब वर असतात आणि जांभळ्या रंगाचे खाली. खरं म्हणजे प्रत्येक थेंब सगळे रंग बाहेर टाकतो पण वेगवेगळ्या दिशांना, आणि त्यातला एकच आपल्या डोळ्यात शिरतो, बाकीचे आपल्या डोक्यावरून नाहीतर पायाशी जातात. वरच्या थेंबातला तांबडा आपल्यापर्यंत पोचतो, खालच्यातला जांभळा. आणि थेंब तर पडतोय! म्हणजे तोच थेंब वरून खाली येताना आपल्याला आधी तांबडा दिसतो, मग नारंगी, पिवळा, हिरवा असं करत जांभळा होतो आणि मग नाहीसा. हे मी शाळेच्या जिन्यावर करून घेते. प्रत्येक पायरीवर एका रंगाचा घोटीव कागद चिकटवायचा, वर तांबडा खाली जांभळा, आणि मुलं म्हणजे थेंब, एकामागून एक उतरायचं आणि ज्या पायरीवर पाय पडेल तो रंग ओरडायचा. थेंब पळतायत पण रंग जागच्या जागी. समोरून बघणाऱ्याला पट्टा स्थिर दिसतो. गोंगाट फार होतो, शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन जातात.

घरातल्या घरात रंग पाडून दाखवायचे तर परातीत पाणी घ्या, हातआरसा त्यात तिरका उभा ठेवा, अर्धा पाण्यात बुडेल असा, आणि खिडकीतून येणारं कोवळं ऊन आरशाच्या बुडालेल्या भागावर पडू द्या. समोरच्या भिंतीवर किंवा पांढऱ्या पुठ्ठ्यावर रंगांचा पट्टा येतो. पाणी हललं की रंग गायब, थांबलं की परत. दहा मिनिटं खटपट करावी लागते, पहिल्यांदा जमत नाही, आरसा थोडा थोडा कलता करत राहायचं. आणि आरशातलं ऊन डोळ्यात जाणार नाही याची काळजी, हे आधी सांगायचं, मग आरसा हातात द्यायचा. मोबाईलचा टॉर्च वापरू नका, उन्हासमोर तो अगदीच मिणमिणता.

हेच काम मोठ्या प्रमाणावर जुन्या लोकांनी केलंय बरं का. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत थिओडोरिक नावाच्या साधूनं पाण्यानं भरलेला काचेचा गोळा घेतला, म्हणाला हा माझा मोठा थेंब, आणि उन्हात धरून किरण कुठून शिरतो कुठून निघतो ते बघितलं. त्याच सुमाराला इराणात कमालुद्दीन अल-फारसीनं तोच प्रयोग केला, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. ४२ अंशांचा नीट हिशोब मांडला फ्रेंच गणिती देकार्तनं १६३७ मधे आणि रंगांचं कोडं सोडवलं न्यूटननं. मला स्वतःला तो काचेचा गोळा फार आवडतो. तुमच्याकडे माशांचा छोटा गोल बाऊल असेल तर (मासे काढून हो!) पाणी भरून उन्हात ठेवा, बाऊलच्या सूर्याकडच्या बाजूला पांढरा कागद धरून रंग शोधा.

रंगांबद्दल. ता ना पि हि नि पा जा सगळ्यांना पाठ असतं आणि सगळ्यांची गाडी "पा" वर अडते. पारवा म्हणजे काय? एका मुलीनं मला विचारलं, बाई पारवा तर करडा असतो, आमच्या खिडकीत घाण करतो. तिचं बरोबरच होतं. खरं सांगू का, निळा आणि जांभळा यांच्या मधला तो रंग आभाळात वेगळा ओळखता येणं मला अजूनही जमत नाही. न्यूटननं पण सुरुवातीला पाचच धरले होते, नारंगी आणि हा पारवा नंतर घातले, कारण त्याला सात सुरांसारखे सात रंग हवे होते. खरं तर रंग एकातून एक विरघळत जातात, मधे कुठे रेघ नसते. म्हणून तुमच्या लेकीनं मोजून पाच सांगितले तर "चूक, सात" असं म्हणू नका. परीक्षेत सात लिहायचे, गच्चीवर दिसतील तेवढे.

"गुलाबी का नाही" हा प्रश्न येणार, तयारीत रहा. मला दर शिबिरात येतो. गुलाबी, तपकिरी हे रंग म्हणजे उन्हातला एकेक सुटा रंग नव्हे, गुलाबी मिसळून बनतो, तपकिरी म्हणजे अंधारलेला नारंगी. इंद्रधनुष्यात रंग सुटे होतात, मिसळत नाहीत, म्हणून ते तिथे नाहीत. आणि उलट, सुटे रंग परत मिसळले की पांढरा होतो हे दाखवायला रंगीत चकतीची भिंगरी करतात, ती करा जरूर पण पांढरीशुभ्र होईल असं आधी सांगू नका, कारण स्केचपेनचे रंग फिरवून मळकट करडाच दिसतो आणि मुलं म्हणतात फसवलं.

कधी नीट बघितलं तर वरच्या बाजूला अजून एक फिकट कमान असते, सावलीच्या डोक्यापासून अडीच विती. तिच्यात रंग उलटे, तांबडा आतल्या बाजूला. तिथे किरण थेंबात दोनदा आपटून बाहेर येतो म्हणून उलटे आणि म्हणून फिके. दोन कमानींच्या मधलं आकाश जरा काळपट दिसतं आणि पहिल्या कमानीच्या आतलं उजळ, हे शोधायला मुलांना लावा, एकदा दिसलं की प्रत्येक फोटोत दिसायला लागतं. सूर्य अगदी क्षितिजावर असेल तर नुसतं तांबडं इंद्रधनुष्य पण दिसतं, मी आयुष्यात दोनदा बघितलंय.

रस्त्यावर पेट्रोल सांडून जे रंग दिसतात, साबणाचे फुगे, सीडीच्या मागचे रंग, ती सगळी वेगळी भानगड आहे, त्यात थेंब नाही आणि हा क्रमही नाही, मूल सहा वर्षांचं असेल तर "ते वेगळ्या कारणानं" म्हणून पुढे जा. चंद्राला पडतं ते खळं पण वेगळं, ते ढगातल्या बर्फाच्या कणांमुळे. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यावरून दिसतं त्या इंद्रवज्राबद्दल मात्र विचारणा फार होते, १८३५ मधे कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला ते दिसल्याची नोंद आहे आणि ट्रेक करणाऱ्यांचं ते स्वप्नच असतं. खाली दरीत धुकं, पाठीमागे ऊन, आणि धुक्यावर आपली सावली, तिच्या डोक्याभोवती रंगीत गोल कडं. दिशेचा नियम तोच, डोक्याची सावली मधोमध. पण ते कडं लहान, दोन विती नाही, मुठीएवढंच म्हणा, कारण धुक्याचे कण पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी बारीक असतात आणि तिथे उजेड वेगळ्या पद्धतीनं वागतो. म्हणून त्याला गोल इंद्रधनुष्य म्हणतात ते बरोबर नाही. खरं गोल इंद्रधनुष्य विमानातून दिसू शकतं, खाली पाऊस असेल आणि सूर्य दुसऱ्या बाजूला असेल तर.

आता गाडीनं जायचं काय. तिला सांगा की चंद्र कसा आपल्याबरोबर चालतो, तसं हे पण. आपण पुढे गेलो की सावली पुढे जाते, सावली गेली की इंद्रधनुष्य पण सरकतं, कारण ते सावलीलाच बांधलेलं आहे. दोन विती त्या दोन विती. शेजारी बाबा उभे असतील तर बाबांच्या डोक्याची सावली वेगळी, म्हणून बाबांचं इंद्रधनुष्य पण वेगळं, वेगळ्या थेंबांचं. मुलांना हे ऐकून वाईट वाटेल असं मला वाटायचं पण उलटंच होतं, "म्हणजे हे फक्त माझं?" म्हणून ती खूश होतात आणि मग भावंडांत "माझं जास्त चांगलं" अशी भांडणं. (बाबांनी पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर तो काढायला सांगा. कमानीचा वरचा भाग त्यातून जवळजवळ पुसला जातो. एकदा एका पालकांनी "कुठंय, मला तर दिसत नाही" असं दहा मिनिटं चालवलं होतं.)

आणि कोण रंगवतं. याचं उत्तर मी कधी "कोणी नाही" असं देत नाही, ते फार रुक्ष आहे. इंद्राचं धनुष्य आहे म्हणा, गोष्ट सांगा, काही बिघडत नाही. वराहमिहिरानं सहाव्या शतकात त्याला इंद्राचंच धनुष्य म्हटलं आणि त्याच ठिकाणी हेही लिहिलं की ढगाळ आकाशात सूर्याचेच नाना रंगांचे किरण धनुष्यासारखे दिसतात. थेंबाचं त्याला माहीत नव्हतं, वाऱ्यानं किरण विस्कटतात असं त्याला वाटलं, पण रंग सूर्याचे आहेत हे त्यानं ओळखलं होतं. तेव्हा तुम्ही पण सांगा, रंग उन्हाचे, कागद पावसाचा, आणि कुठे काढायचं ते तू जिथे उभी आहेस त्यावर ठरतं. माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला होता मग बाण कुठंय इंद्राचा, त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

शेवटी एक प्रश्न जो ती आज नाही पण वर्षभरात विचारेल. प्रत्येकाचं वेगळं असेल, मग फोटोत कसं येतं? तर कॅमेरा पण एक डोळाच, त्याला त्याचं स्वतःचं दिसतं. फोटो काढताना मोबाईलचा कॅमेरा ०.५ वर (जिथे सगळ्यात रुंद दिसतं तिथे) न्या, कारण अख्खी कमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार विती रुंद असू शकते आणि साध्या लेन्समधे ती मावत नाही, एक पाय तुटतो. आणि फोटोत खाली तुमची सावली येत असेल तर ती कापू नका, राहू दे, मग लेकीला त्या फोटोवरच सावलीच्या डोक्यावर बोट ठेवायला लावा.